कानाशी हात

गुरुवार, दिवेलागण. बदलापूर गाव.

सईचं अजून डोक्यातून जात नाही. पाच वर्षांची नात, जन्मापासून ऐकू येत नाही. तिला बोलायला शिकवणाऱ्या अंबरनाथच्या बाई म्हणतात, घरात खुणांनी बोलणं बंद करा, नाहीतर पोर बोलणारच नाही. मुलगा त्यांच्या बाजूचा. सून रेश्मा मोबाइलवर खुणा शिकलीय. ती म्हणते, "तोवर पोरीनं गप्पच राहायचं का?" निर्णय माझ्यावर. मी मनातून बाईंकडे झुकलेला. मला तिच्या तोंडून 'आजोबा' ऐकायचंय.

आज रेश्मा आणि सई कॅम्प चारला आमच्या जीन्सच्या कारखान्यात आल्या. मी कानाशी हात धरून मशिनं ऐकत फिरत होतो. कुठलं कुरकुरतंय ते मला लांबून कळतं. सईने लगेच कानाशी हात नेला.

"बघ, नक्कल करते माझी. रोजचंच आहे," मी हसलो.

"नक्कल नाही बाबा. तुम्हाला हाक मारते. खुणांत तुमचं हेच नाव ठेवलंय तिनं," रेश्मा म्हणाली.

रोजचंच! म्हणजे रोज हाक मारत होती? मशिनं चालूच होती, पण मला सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटत होतं. कानाशी हात. एवढीशी हाक.

घरी मुलाला सांगितलं, बाईंकडे पाठव, पण घरात खुणा चालू राहतील.

"आणि बोललीच नाही तर?"

तो 'आजोबा' शब्द मला अजून हवाच आहे.

रेश्माने सईच्या नावाची खूण दाखवली: गालावर बोट, खळीपाशी. सई अंगणात पाठमोरी खेळत होती. गालावर बोट ठेवून उभा राहिलो, ती वळेपर्यंत.