विहाराची पुढची भिंत

बाबा, तुम्ही बांधलेल्या विहाराच्या भिंतीवर आता प्लास्टर आहे, वर फिकट निळा रंग. ते माझ्यामुळे झालं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुम्हालाच सांगतेय.

मुर्री गावातल्या त्या उघड्या विटांच्या भिंतीचा तुम्हाला केवढा तोरा होता! जन्मभर गवंडीकाम केलंत, पण रोजी न घेता बांधलेली ती एकच. पुढे विटांवर पांढरा खार फुटला, खिडकीच्या जाळीखाली गंजाचे ओघळ आले. बुद्धपौर्णिमेआधी प्लास्टर करून टाकू, असं समितीनं ठरवलं. मी म्हटलं, थांबा, मी गवंड्याची पोरगी, दोन दिवसांत साफ करते. मोठी शहाणी!

दुकानातून ऍसिड आणलं. कुडवा गावच्या कामावर तुम्ही मला दटावलं होतं, "काऊन वं, एवढी घाई करून राहिली? खार पयले कोरड्या ब्रशनं झाड. ऍसिड लावाचंच असन त आधी भिंतीले पाणी पाज. तहानली वीट सारं पिऊन घेते." आठवत होतं, बाबा. पण नळ गेला होता आणि विहीर लांब. मी कोरड्या भिंतीवरच ऍसिड मारते. फेस येतो, खार जातो, मी खूश. मग गंजाचा ओघळ पिवळा होऊन पसरायला लागतो, थांबतच नाही. सांध्यांतलं सिमेंट फसफसतं, भुगा होऊन माझ्या पायांवर पडतं. भिंत आत्ता अंगावर येईल असं वाटलं, आणि पळावंसं वाटलं.

तेवढ्यात समितीचे काका आले, तुमच्यासोबत या भिंतीला विटा वाहिलेले. त्यांनी सांध्यात बोट घातलं. "हे कायचं झालं वं?" मी ऍसिडचा डबा पायानं ओट्यामागे सारला. मी म्हणाले, "विटाच कच्च्या होत्या, काका. बाबांनी मालच खराब लावला."

काकांनी बोटावरचा भुगा चोळून पाहिला. "एकेक वीट ठोकून आवाज आयके तुया बाप, मंगच लावे," ते म्हणाले. मग मान खाली घालून, "असन बा." दुसऱ्या दिवशी प्लास्टर सुरू झालं.

काका अजून आहेत. माझ्या घरापासून स्कूटीनं दहा मिनिटं. खरं तर हे पत्र त्यांना द्यायचं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही.