पन्नास हेलरवरची म्हातारी

निडरबाख, ३ ऑक्टोबर १९२०

चि. ऑटमार यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आईची चौकशी अर्धी ओळ आणि गावच्या नोटांची दोन पानं. लढाईपासून सुटी नाणी दिसेनाशी झाली, म्हणून अखेर आमच्या गावसभेनंही दहा, वीस आणि पन्नास हेलरच्या चिल्लर नोटा छापल्या. चित्रं शाळामास्तरांची. तू मागितल्या होत्यास तशा तीन कोऱ्या, बिनघडीच्या सोबत आहेत. आम्ही वापरतो त्यांना लोण्याचे डाग पडलेत, ते तुमच्या संग्राहक मंडळाला चालायचे नाहीत.

आई अंथरुणाला लागली आहे. तू दोन वर्षं फिरकला नाहीस, तरी तिची तक्रार नाही. नोटा आवडल्या का, एवढंच विचार म्हणाली. पन्नासची नीट बघ. तुझा सगळा लोभ कागदांवर आहे, त्यातून उरला तर आम्हाला दे.

नॉटबुर्गा

व्हिएन्ना, १० ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

नोटा मिळाल्या. दहावरचं चर्च, वीसवरची पाणचक्की, इथवर ठीक. पण पन्नासवर मांडीत बदक घेतलेली ती सुरकुतलेली म्हातारी कुठून धरून आणलीत? मंडळात हसून हसून पुरेवाट झाली. मी म्हटलं, आमच्या गावात याहून बरं तोंड मिळायचं नाही. मास्तरांना म्हणावं, तुमचा फळा-खडूच बरा.

डिसेंबरनंतर ही नोट चालणार नाही, म्हणजे संग्राहकांत तिचा भाव चढेल. आणखी दहा पाठव. नोटांच्या बाजारासाठी साल्झबुर्गला गेलो होतो, गाडी तुमच्या स्टेशनावरूनच गेली. उतरायला सवड नव्हती. आता वसंतात बघू. आईला नमस्कार सांग आणि राग धरू नकोस.

तुझा ऑटमार

निडरबाख, १७ ऑक्टोबर

चि. ऑटमार यास अ. उ. आ.

मास्तरांना पन्नासच्या नोटेसाठी बाई हवी होती. आईनं आपणहून नाव दिलं. अंगात ताप असताना तीन सकाळी रविवारचा रुमाल बांधून खुर्चीत बसली, मांडीवर आपलंच बदक. मी रागावले, तर म्हणाली, ऑटमार मला बघायला यायचा नाही, पण नोट बघितल्याशिवाय राहायचा नाही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, पण मजकूर माझ्या मनाचा. तू पाहताक्षणी ओळखलंस आणि पुढच्या रविवारी येतोस, असं वाचलं. तेव्हापासून तो रुमाल ती डोक्यावरून काढत नाही.

दहा नोटा पाठवत नाही. रविवारी स्टेशनावर उतर आणि दारातूनच तिला आई म्हणून हाक मार. लोभाचं त्यानंतर बघू.

नॉटबुर्गा