लिव्हरवरची चरबी

१२ जानेवारी

चि. बारक्यास अ. उ. आ.

"ताई, मी दारूला शिवतही नाही," असं तू सोळा वर्षांपूर्वी मला सांगितलंस, आणि मी तुझाच सोनोग्राफीचा रिपोर्ट तुझ्यापुढे धरला. तुझ्यासारख्या काडीपैलवानाच्या लिव्हरवर एवढी चरबी! प्रयोगशाळेत काम करते म्हणून मला सगळं कळतं, असा तोरा होता माझा. मग मी जाऊन तुझ्या ठरलेल्या मुलीच्या आईला तू पितोस म्हणून सांगितलं. लग्न मोडलं. तुला हे ठाऊक आहे, पण मी आजवर कबूल केलं नव्हतं.

गेल्या महिन्यापासून आमच्याकडे हेपटायटिस सीच्या विषाणूचं काम आहे. लिव्हरच्या पेशींना लागण करायची आणि त्यांतली चरबी लाल दिसेल असा रंग द्यायचा. निरोगी पेशींत तुरळक ठिपके दिसतात, पण लागण झालेल्या पेशी गच्च भरतात. हा विषाणू पेशीला जास्त चरबी करायला लावतो, ती बाहेर जाऊ देत नाही, आणि त्याच थेंबांना धरून स्वतःची पिल्लावळ वाढवतो. त्याला दारू लागत नाही. मी मायक्रोस्कोपवरून उठले आणि जिन्यात जाऊन बसले.

लहानपणी ऑपरेशनच्या वेळी तुला तीन बाटल्या रक्त चढवलं होतं. हा विषाणू रक्तातून येतो, आणि तेव्हा त्यासाठी रक्त तपासत नसत. एकदा तपासणी करून घे. आता गोळ्यांनी बरं होतं.

तुझी,
ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

घड्याळजीला सोळा वर्षं उशिरा पत्र पाठवतेस, कमाल आहे तुझी.

रक्त तपासलं. तू म्हणालीस तेच निघालं. किती पिता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी पीत नाही म्हटलं, तर त्यांनी मान डोलावली आणि तसंच लिहून घेतलं. मला उगाच भरून आलं. लिव्हर बरंच कडक झालंय म्हणाले, पण तीन महिने गोळ्या घेतल्या की विषाणू जाईल.

राग आता नाही. रागाला समोर कुणीतरी लागतं; इथे मी आणि भिंतीवरची घड्याळं. परवा, जिच्याशी लग्न ठरलं होतं तिची मुलगी घड्याळाचा पट्टा बदलायला आली होती, शाळेच्या गणवेशात. नाक हुबेहूब आईचं. पैसे घ्यायचे विसरलो.

तू येऊ नकोस. आलीस की रडशील, आणि तुझी समजूत मलाच काढावी लागेल.

लोभ आहे तेवढा असू दे.

बारक्या

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. उ. आ.

तुझ्या पत्रात गणवेशातल्या मुलीपाशी मी थांबले. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

येत नाही. माझा फोन आठवडाभर बंद पडला होता, ते काल वीजमीटर बघायला आलेला माणूस 'तुमचा फोन लागतच नाही' म्हणाला तेव्हा कळलं. कुणाचा यायचाच नव्हता.

गोळी रोज ठरल्या वेळी घे, एकही चुकवू नकोस. हे प्रयोगशाळेतली बाई म्हणून सांगते, बहीण म्हणून नाही.

एकच मागते. औषध सुरू करताना दवाखान्यात फॉर्म भरून घेतात. त्यात जवळच्या नातेवाइकाचा रकाना असतो. मला भेट नको, उत्तरही नको. तू तिथे आडवी रेघ मारशील, ते मला दिसतंय. तरी, माझं नाव लिहिशील का?

ताई