तीन वर्षांची चिठ्ठी

सोम., ३ फेब्रु.
मशीनवर चार तास. सुई एकदाच टोचली, बरं झालं. शेजारच्या खाटेवर बिडकीनच्या कौसाबाई. मेंढरं होती तोवर वर्षातले आठ महिने रानात असायच्या. आता आठवड्यातून दोनदा इथं, डायलिसिसला.
या केंद्राच्या नियामक मंडळात पेशंटांचे तीन प्रतिनिधी असतात. मागचे तिघं एकदमच निवडलेले. दिवाळीपर्यंत तिघंही वारले. मंडळात आमच्या बाजूनं बोलायला कोणी उरलं नाही, तेवढ्यात गावाकडच्यांना संध्याकाळची शेवटची पाळी लावून टाकली. कौसाबाईंची परतीची एसटी चुकते.
आता नवे तिघं : कौसाबाई, रिक्षांचं वायरिंग करणारा इलियासभाई, आणि मी. नियमाचा मसुदा माझ्याकडं. तहसीलमध्ये तीस वर्षं तेच केलं. एकाची मुदत एक वर्ष, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची तीन. म्हणजे दरवर्षी एकच जागा बदलेल, पुन्हा सगळ्या एकदम रिकाम्या नकोत.
लिहिताना सोपं होतं. वाचून दाखवताना 'तीन वर्षे' आलं आणि कोणी मान वर करेना.

गुरु., ६ फेब्रु.
तीन वर्षं कोणाला? व्यवस्थापक म्हणाले, रिपोर्ट बघू, ज्याची तब्येत बरी त्याला मोठी मुदत. कौसाबाईंनीच नाही म्हटलं, चिठ्ठ्या टाका म्हणाल्या.
मला एक. इलियासभाईला दोन. कौसाबाईंना वाचता येत नाही, त्यांची चिठ्ठी मीच वाचली.
"तीन वर्सं? डॉक्टरानं बी एवढी दिली नाय."
हसल्या. आम्हीही हसलो.
निघताना इलियासभाई : "साब, अदला-बदली नक्को. जो निकला सो निकला." मी तसं काही बोललोही नव्हतो. मनात मात्र होतं.

गुरु., २० फेब्रु.
परवा मंडळाची बैठक. कौसाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या, एसटीचं सगळं सांगितलं, मागं हटल्या नाहीत. गावच्या पेशंटांना दुपारची पाळी मिळाली. अजिंठ्याकडचे दोघं आज उजेडात घरी गेले.
कौसाबाईंचा स्वतःचा हात आज चालेना. सुई टोचायची नस बंद पडली. दोन तासांतच मशीन थांबवलं. मानेत नळी घालावी लागेल म्हणतात.

शुक्र., २८ फेब्रु.
सोमवारी आल्या नाहीत. कालही नाही. आज बिडकीनला गेलो. भिंतीला टेकून बसलेल्या, आडवं झालं की दम लागतो. पाय सुजून टम्म. मुलगा कंपनीतली पाळी सोडून घरीच. चला म्हणालो.
"लई टोचून झालं, भाऊ. मानंत नळी नको."
नातीकडून लिहून घेतलेला कागद हातात दिला. राजीनामा. 'राहिलेली मुदत दुसऱ्याला द्यावी.' खाली अंगठा.
मुलगा मला सोडायला बाहेर आला. साहेब, तुमचं ऐकंल ती, म्हणाला. मी कोण? पण चपला घातल्या होत्या त्या काढून पुन्हा आत गेलो. म्हणालो, मंडळ मंजूर करेपर्यंत राजीनामा लागू होत नाही. तोवर तुम्हाला यावंच लागेल, मशीनवरसुद्धा.
"तुमीच लिवलाय व्हय ह्यो नियम?"
व्हय म्हणालो.
असा नियम कुठंच नाही.

सोम., ३ मार्च
व्यवस्थापकांनी विचारलं, कौसाबाईंची जागा रिकामी धरायची का. कागद खिशात होता. माझ्याकडं काही आलेलं नाही, म्हणालो. इलियासभाईला मघाशीच कागद दाखवला होता; त्यानं फक्त खिशाकडं पाहिलं.
सकाळी मुलाचा फोन आला होता. आई हो म्हणत नाही, पण नाही म्हणायचंही थांबलीय. गाडी सांगितलीय. त्यानंतर फोन लागत नाही.
सव्वाबारा. त्यांचं मशीन तयार आहे. रांगेत दोघं बसलेत, एकाला तर बसवतही नाही. सिस्टर दुसऱ्यांदा विचारून गेल्या, येणार आहेत का.
अजून दहा मिनिटं, म्हणालो.