तांबड्या काचेची प्लेट

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. कामशेतचा आपला फोटो स्टुडिओ मी चालवतो. काल मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं रंगीत चित्र पुरं झालं. रीत तुमचीच. काळ्या-पांढऱ्या तीन प्लेटा, एक निळ्या काचेतून घेतलेली, एक हिरव्या, एक तांबड्या. मग तीन दिव्यांपुढे त्याच रंगांच्या काचा धरून तिन्ही चित्रं भिंतीवर एकावर एक बसवायची. तुमच्या वेळी दोनच होती, आणि मेघ शेवाळल्या पाण्यासारखा दिसला होता.

तिसऱ्या प्लेटेची ती रात्र. वडिवळ्याच्या शेतात तुम्ही दुर्बिणीला डोळा लावून बसला आहात. तारा दुर्बिणीतल्या बारीक तारांच्या फुलीवरून ढळू नये म्हणून तासभर हाताने चाक फिरवताय, खोकला दाबताय. आई तुमच्या खांद्यावर घोंगडी टाकते. "लग्नाचं फोटू काढाया एवढं बसत न्हाई. चांदण्यांनी इसार दिलाय व्हय?" "गप गं, हलवशील मला."

प्लेट धुवायचं काम माझं. रोजच्या प्लेटांना लाल उजेड दिसत नाही, त्या आपण लाल दिव्यात धुवायचो. ही मात्र तांबडं पाहणारी, पूर्ण अंधारात धुवायची. तुम्ही दोनदा बजावलं होतं. पण जास्त धुतली गेली तर, या धास्तीने मी एकदाच लाल दिवा लावला आणि लगेच विझवला. प्लेट सबंध काळी झाली. सकाळी तुम्ही ती खिडकीशी धरली. "काय झालं रं?" मी म्हणालो, "काय की. काळीच आली." तुम्ही ती उलटून पाहिलीत. "मंजी प्लेट कॅमेऱ्यात भरतानाच माज्याकडनं उजेड लागला. आता हातबी गेला."

त्यानंतर तुम्ही कॅमेऱ्याला शिवला नाहीत. गिऱ्हाईक आलं की बाकावरूनच म्हणायचात, "पोराला न्या. माज्या हाताचा भरवसा न्हाई." लोक हसायचे, त्यांना थट्टा वाटायची. दोन हिवाळे तुम्ही त्या बाकावर काढलेत, आणि मी रोज तुमच्यासमोर कॅमेरा पुसत होतो.

काल तिसरा दिवा लावला आणि भिंतीवर मेघ जास्वंदीसारखा तांबडा झाला. आई बघत राहिली. म्हणाली, "त्यास्नी जमलं न्हाई, ते तुज्या हातनं झालं." मी मान डोलावली. तिला वाचता येत नाही, म्हणून हा कागद घरातच ठेवायला हरकत नाही.