पुष्पाच्या पोस्टचे सर्व हक्क राखीव

७ जुलै
फेसबुकवरचा माझा मजकूर चोरीला गेला. पुष्पा गेल्यावर लिहिलेला. 'डब्यात दोनच भाकरी दिल्यात म्हणायची, उघडला की तीन निघायच्या.' कडोदऱ्याच्या कुणीतरी स्वतःच्या आईच्या फोटोखाली तसाच्या तसा टाकला. नाव तेवढं बदललं. त्याला दोनशे लाइक. मला अकरा.
तरी मी शांत आहे. बायको गेली तेव्हाही शांतच होतो. मंडप, बर्फ, उत्तरकार्याची पंगत, सगळं एकट्याने पाहिलं. लोक म्हणाले, हेमराजभाऊ खंबीर. खरंच आहे ते. तेव्हापासून डबा बंद, दुपारी बाहेरच खातो. सोयीचं पडतं.

८ जुलै, सकाळी
ठरलं. कॉपीराइट. रोज एक तास कायद्याचा अभ्यास. दिवाळीपर्यंत लोक मलाच विचारायला येतील.

८ जुलै, संध्याकाळी
अभ्यास राहिला. साड्यांच्या युनिटवर काम फार. शेजारच्या युनिटच्या साडीचं नवं डिझाइन आजच उतरवून घेतलं. ते वेगळं. तो धंदा आहे.

११ जुलै
योगिताला विचारलं. लेक कतारगामला कॉम्प्युटरवर बसते, तिला माहीत असणार. म्हणाली, पपा, लिहिलं तेव्हाच हक्क तुमचा झाला, रजिस्टर करायलाच पाहिजे असं नाही. पण कुणाकुणाच्या मागे लागाल? लोकांना आवडलं म्हणून घेतात. सोडून द्या, जवा दो ने.
मी समजावलं की हा भावनेचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. ती स्वयंपाकघरात गेली. तिला पटलेलं दिसलं.

१४ जुलै
पोस्टखाली ओळ घातली. 'सर्व हक्क राखीव. कॉपी करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल. हेमराज, सुरत.' आता कुणाची हिंमत होणार नाही.

१९ जुलै
कामरेजच्या शालिग्राम नावाच्या माणसाने बायकोच्या, कलाबाईंच्या, फोटोखाली माझा मजकूर टाकला आहे. कायदेशीर कारवाईच्या ओळीसकट. खाली 'शालिग्राम, कामरेज'. म्हणजे आता कारवाई ते करणार.
पुरे झालं. नोटीस टाइप करून घेतली, दोन प्रती. उद्या रविवार, स्वतः जाऊन देणार. आवाज चढवायचा नाही. त्यांचा चहा घ्यायचा नाही.

२० जुलै
कामरेज. नाव सांगताच लोकांनी थेट दारापर्यंत आणून सोडलं. सतरंजी अंथरलेली, माणसं भिंतीला टेकून बसलेली. कलाबाई जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी द्वारदर्शनाला आलोय असं समजून मला बसवलं. आपल्याकडे मयताच्या घरी द्वारदर्शनाला कुणी बोलत नाही, बसायचं आणि 'येतो' न म्हणता उठायचं. त्यात नोटीस काढायची कधी? बसलो.
शालिग्रामभाऊ शेजारी येऊन बसले. मी हळूच मुद्द्याला हात घातला. विचारलं, कलाबाई डब्यात एक भाकर जास्त टाकायच्या का? म्हणाले, नही भाऊ, तीन वरीस खाटवर व्हती, डबा मीच करू. पण सुनेने मोबाइलवरचं ते वाचून दाखवलं, तवय रडू वनं.
मग त्यांनी विचारलं, तुमनाकडे कोन गयं?
नाव सांगायला तोंड उघडलं. रडलो. तिथे रडणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, त्यामुळे बराच वेळ रडलो. अर्थात, समोरच्याचा विश्वास मिळवणं हाही कारवाईचाच भाग असतो.
सुतकाच्या घरी चहा कुणी विचारला नाही. तेवढा एक संकल्प पार पडला.

२१ जुलै
सकाळी योगिताने विचारलं, नोटिस आपी? दिली का? सांगितलं, पार्टी घरी नव्हती. ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग निघताना हातात डबा ठेवला. दोनच भाकरी आहेत म्हणाली.
दुपारी युनिटवर उघडला. तीन होत्या.
ही उघड उघड कॉपी आहे. नोटिशीच्या दोन्ही प्रती खिशातच होत्या. त्यावर डबा ठेवून जेवलो. तिसरीही खाल्ली.