वलवणच्या अनंताची सोय

मी, दस्तगीर रज्जाक शेख, रेल्वेचा निवृत्त गेटवाला, वय सत्तरीच्या घरात, राहणार वलवण, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. दमा छातीत आहे, डोक्यात नाही.

पहिले. राहते घर, भांडीकुंडी व पोस्टातली शिल्लक माझा एकुलता मुलगा युनूस यास. पोरगा गुणी आहे, परंतु त्याच्या हाती कात्री देऊ नये. बापाला बरे वाटावे म्हणून त्याने एकदा माघात अनंताची झुडपे गोल कापली आणि त्या साली फूल दिसले नाही. अनंताची छाटणी फुले सरल्यावर करतात, हे किती वेळा सांगितले होते!

दुसरे. घरामागची पट्टी, तीवरील अनंत, तगर व जास्वंदीसह, शेजारीण धोंडाबाई हिला. आमच्या शरीयतीप्रमाणे वारसाबाहेर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देता येते. पट्टी त्याहून कमी भरते, व युनूस राजी आहे. अनंत माझी मरहूम बायको अजीजुन्निसा हिने लावलेला. माझ्यामागे तो जगेल का, या घोराने माझी झोप उडाली होती.

धोंडाबाईच्या शेळीने माझी जास्वंद खाल्ली, मी शेळी कोंडवाड्यात घातली, तेव्हापासून आमचे बोलणे बंद. चूक शेळीचीच, हे मी आजही म्हणतो. गेल्या आषाढात मी पुण्यास दवाखान्यात पडलो, युनूसही उशाशी तिथेच. इकडच्या पावसात अनंत उघडा राहिला की कुजतो, म्हणून दरसाल काठ्या रोवून त्यावर इरले, शेतात पावसात डोक्यावर घेतात ते पानांचे छप्पर, बांधावे लागते. झाडे गेली असे धरूनच मी परतलो. पाहतो तो प्रत्येक झुडपावर इरले, मुळाशी पाण्याला चर, आणि धोंडाबाई स्वतः डोक्यावर पोते घेऊन भाताच्या लावणीला निघालेली. घरातली सगळी इरली तिने माझ्या झाडांना दिली होती.

हे कशाला केलेस, म्हणून विचारले. म्हणाली, "झाडानं माजं काय वाकडं केलंय? भांडान तुमच्याशी हाय, ते चालूच ऱ्हाईल."

मी कुंपणाशी बसून रडलो. इतके हलके कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

तिसरे. फुले तिने देवाला वाहावीत, आपल्या सुनेला माळावीत. जुम्म्याला एक मात्र अजीजुन्निसाच्या कबरीवर ठेवावे.

वरील मजकूर आज साक्षीदारांसमक्ष धोंडाबाईस वाचून दाखवला. तिने उठून पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "आबा, इतक्यात मरू नगा. यंदाची इरली दोघं मिळून बांधू."

सही वाकडी आली आहे, ती आनंदाने. कोर्टाने ती माझीच धरावी.

सही: दस्तगीर रज्जाक शेख
साक्षीदार: हौशीराम दत्तोबा राऊत, बाबालाल मुलाणी
मुक्काम वलवण, तालुका मावळ, जिल्हा पुणे
ता. ३ एप्रिल १९३८